लव्हाळा उगवला म्हणजे जमिनीचा निचरा बिघडलाय, असं धरायचं का?

मातीचाकर
भाजीचे वाफे आणि त्यांच्या उताराला सांडपाण्याचा शोषखड्डा, दोन्हीकडे लव्हाळा माजलाय. खुरपलं की आठवड्याभरात पुन्हा बोट-बोट वर. पाचटाचं जाड आच्छादन घातलं, तर त्यातूनही सुईसारखा निघाला. "लव्हाळा हे पाणथळीचं लक्षण, चर काढून निचरा सुधारा, आपोआप जाईल" हा सल्ला सगळीकडून येतोय. चर खणायला सुरुवात करण्याआधी जाणकारांना विचारतो: लव्हाळा नेमका कुठे आणि का उगवतो? निचऱ्याशी त्याचा खरंच संबंध आहे का? नसेल, तर घालवायचा कसा?

त्रिधार
चर राहू द्या, आधी ओळख पक्की करा. लव्हाळा हे गवतच नव्हे. देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा. गवताचा देठ बहुधा गोल, पोकळ आणि पेरांचा असतो. लव्हाळ्याचा त्रिकोणी, आतून भरीव आणि बुडापासून तुऱ्यापर्यंत एकही पेर नसलेला. वरून पाहिलं तर पानं तीन दिशांना फाकलेली दिसतात. गवताची दोनच रांगांत असतात.

पण ही झाली सगळ्या मोथाकुळाची खूण, आणि त्या कुळात हजारो जाती आहेत. ज्याच्या वाळवलेल्या गाठी नागरमोथा म्हणून ओळखल्या जातात तो लव्हाळा म्हणजे शास्त्रीय नावाने सायपेरस रोटुंडस. त्याची खात्री जमिनीखालीच होते. उपटू नका, उपटलं की दोरा तुटतो, गाठी खाली राहतात आणि "याला गाठी नाहीत" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कुदळीने वीतभर खोल अख्खं ढेकूळ काढा, बादलीत रात्रभर भिजत ठेवा, सकाळी हलक्या हाताने माती सोडवा. वाफ्यातलं एक ढेकूळ आणि खड्ड्याजवळचं एक, अशी दोन वेगळी काढा. एकच काढून दोन्ही जागांचा निवाडा करू नका.

उगाचउवाच
रोटुंडस म्हणजे गोल ना? आणि देठ त्रिकोणी! नाव ठेवणाऱ्याने झाड पाहिलं होतं की नाही?

त्रिधार
@उगाचउवाच, पाहिलं होतं, आणि तेही खणून. गोल आहेत त्या गाठी. नाव दिलंय वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने, 1753 साली.

गाठमाळ
"खुरपलं की आठवड्यात वर" यातच सगळं आलं. वर दिसतो तो लव्हाळ्याचा शेंडा. खरं झाड खाली आहे.

गाठ रुजली की तिच्यातून एक कोंब वर निघतो. पृष्ठभागाच्या जरा खाली तो फुगून बुडाशी छोटा कांदा तयार करतो. त्या कांद्यातून वर पानं आणि बाजूंना पांढरे, मऊ आडवे दोरे सुटतात. दोरा थोडा पुढे गेला की एक तर वर वळून नवा फुटवा देतो, नाही तर टोकाला फुगून गाठ धरतो. त्या गाठीतून पुढचा दोरा, पुढची गाठ, अशी माळ ओवली जाते. जुने झाले की हे दोरे काळे आणि तारेसारखे चिवट होतात. बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये असतात, काही 30 पर्यंतही जातात. मोकळ्या, ओल्या, उबदार जमिनीत एका गाठीच्या तीन महिन्यांत शंभराच्या घरात गाठी होऊ शकतात.

आता खरी गंमत. माळ अखंड असली की टोकाकडची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. शेंड्याची कळी बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवते, तसंच हे. माळ तोडली की तो दाब सुटतो आणि प्रत्येक सुटी गाठ स्वतंत्रपणे फुटते. शिवाय एका गाठीवर अनेक डोळे असतात. पहिला कोंब खुडला की दुसरा तयार. म्हणून वरवरच्या खुरपणीने लव्हाळा कमी न होता दाट झाल्यासारखा दिसतो.

बियांची मात्र चिंता नको. तुरा येतो, बीही दिसतं, पण या जातीत रुजणारं बी फार थोडं. सगळा कारभार गाठींचा.

पाटकडेला
निचऱ्याचा संबंध नाही असं म्हणणं घाईचं होईल. पाटाच्या कडा, गळकी चावी, ठिबकच्या नळीखालची पट्टी, सगळ्यात दाट लव्हाळा तिथेच असतो. कोरड्या माळावर दिसत नाही. म्हणजे पाणी लागतंच.

गाठमाळ
@पाटकडेला, पाणी लागतं हे मान्य. पण ओल वेगळी आणि पाणी तुंबणं वेगळं. पाटाची कड ओली असते, वर उघडी असते आणि तिथली माती सतत उकरली जाते. लव्हाळ्याला हवं ते तिन्ही तिथे एकत्र मिळतं. रेताड, मुरमाड, काळी, चिकण कुठलीही माती त्याला चालते. उत्तम निचऱ्याच्या रेताड वाफ्यात तर दोरे आणखी सहज पसरतात.

त्याला रोखणाऱ्या गोष्टी दोन. एक थंडी: जमीन गोठली की गाठी मरतात, म्हणून थंड प्रदेशांत त्याची मजल संपते. दुसरी सावली. हे उन्हाचं झाड आहे. ऊस किंवा मका ज्या पद्धतीने कर्ब बांधतात तीच याची. कडक ऊन आणि 30 ते 35 अंश तापमान मिळालं की सुसाट, सावली पडली की गाठी धरणं एकदम मंदावतं.

मूळचा आफ्रिका, दक्षिण युरोप आणि दक्षिण आशियाचा मानतात. 1977 साली जगभरच्या तणांचा जो मोठा आढावा निघाला त्यात याला जगातलं सर्वांत त्रासदायक तण ठरवलं होतं: नव्वदहून जास्त देश आणि पन्नासहून जास्त पिकं. एवढ्या ठिकाणचा निचरा एकदमच बिघडला होता असं तर नसेल ना!

उगाचउवाच
जगात पहिला नंबर! आणि आपण त्याला खुरप्याने भिववतोय.

खाचरवाट
थोडी भर. भाताच्या खाचरात सतत पाणी उभं ठेवलं की वरकस जमिनीतला नेहमीचा लव्हाळा दबतो, हे तुंबलेलं पाणी त्याला आवडत नाही याचंच लक्षण. पण पाण्यात टिकणारा मोठ्या गाठींचा प्रकारही याच जातीत आढळतो. त्यामुळे "पाणी भरून ठेवा, मरेल" हा उपाय सगळीकडे चालेल असं धरू नका. भाजीच्या वाफ्यात तर तो करताच येत नाही. लव्हाळ्याआधी वांगी मरतील.

खाचरातला बराचसा "लव्हाळा" मुळात वेगळ्याच जातीचा असतो. सायपेरस इरिया आणि सायपेरस डिफॉर्मिस ही दोन्ही वर्षायू, बियांवर येणारी. गाठी नाहीत, तंतुमुळं असतात. शोषखड्ड्याजवळ यांपैकी काही निघालं तर आश्चर्य वाटायला नको.

त्रिधार
@खाचरवाट +1. आणखी दोन नावं लक्षात ठेवा. सायपेरस एस्क्युलेंटस हा जवळचा भाऊबंद: तुरा पिवळट-सोनेरी, पानाचं टोक लांब निमुळतं होत जाणारं, गाठी माळेत नसून दोऱ्याच्या टोकाला एकेकट्या आणि चवीला गोडसर. रोटुंडसचा तुरा तांबूस-जांभळट, पानाचं टोक एकाएकी निमुळतं, गाठ खरबरीत, कडू आणि कापली की उग्र सुगंध. गाठ चावून बघायची गरज नाही, नखाने खरवडून वास घेतला तरी कळतं.

दुसरी किलिंगा. हिच्या देठाच्या टोकाला हिरवट-पांढरा गोल गोंडा आणि खाली तीन पानं. जमिनीलगत सरपटणारा दोरा असतो, गाठी नसतात. ओलसर हिरवळीत हिला लव्हाळा समजून भलतेच उपाय केले जातात.

कुळवफाळ
रोटाव्हेटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. लव्हाळ्याच्या रानात ओलीवर रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे लागवड करणं. पाती माळा तोडतात, गाठी सारख्या पसरवतात आणि वर भुसभुशीत माती झाकतात. एका कोपऱ्यातला लव्हाळा असाच सबंध रानात जातो. फाळांना आणि पात्यांना चिकटलेल्या मातीतूनही गाठी प्रवास करतात. लव्हाळ्याचा तुकडा सगळ्यांत शेवटी नांगरायचा आणि अवजार तिथेच खरवडून धुवायचं.

नांगरट कामाची आहे, पण कोरड्या उन्हाळ्यात. खोल नांगरून ढेकळं उलटी पडू द्या. गाठीतली ओल साधारण 15 टक्क्यांच्या खाली गेली की ती मरते. उघड्यावर, कडक उन्हात त्याला दहा-चौदा दिवस लागतात. ढेकळाच्या पोटातली गाठ मात्र सुखरूप असते, म्हणून आठवड्याने वखराची एक उलटी पाळी द्या, म्हणजे ढेकळं फुटून आतल्या गाठी वर येतील. मध्येच पाऊस झाला किंवा पाणी दिलं की सगळं मुसळ केरात. अर्धवट सुकलेल्या गाठी पुन्हा ताज्या होतात.

पाटकडेला
वाफे लहान असतील तर नांगर कुठून घालणार? सगळी माती चाळून गाठी वेचणं हाच पक्का उपाय.

कुळवफाळ
दोन-तीन वाफ्यांपुरता चालतो. माती कोरडी हवी, चाळणीची भोकं 5-6 मिलिमीटरची आणि खोली निदान 25-30 सेंटिमीटर. बारीक गाठी तरीही सुटतात, त्यामुळे चाळल्यावर एक हलकं पाणी देऊन दोन आठवडे वाफा रिकामा ठेवा. जे उगवेल ते खालच्या गाठीसकट खुरप्याच्या टोकाने काढा. आणि वेचलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. ढीग नीट तापला नाही तर तेच खत पुढच्या वर्षी लव्हाळ्याचं बियाणं होतं. फरशीवर पसरून खडखडीत वाळवा, मग जाळा.

आच्छादक
मातीचाकर, पाचटातून लव्हाळा येणारच. त्याचा कोंब घट्ट गुंडाळलेल्या टोकदार पानांचा असतो, भाल्यासारखा. पाचट, पालापाचोळा, ओला झालेला पुठ्ठा, सगळ्यातून आरपार. 25-30 मायक्रॉनचा काळा मल्चिंग पेपरसुद्धा तो भोसकतो. बाकीच्या तणांसाठी काळा पेपर उत्तम, इथे उपयोग नाही.

यामागचं कारण उपयोगी आहे. अंधारात कोंब गुंडाळलेलाच राहतो आणि टोक लावून वर रेटतो. उजेड लागला की पानं उलगडतात आणि टोकाची धार जाते. म्हणून पारदर्शक कागद जमिनीपासून किंचित अंतर ठेवून ताणला, तर खाली उजेड मिळून पानं तिथेच उलगडतात, कागदाखाली अडकतात आणि उन्हाने करपतात. काळ्यापेक्षा भोसकण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं.

कायमच्या जागी, म्हणजे वाटा आणि वाफ्यांमधल्या पट्ट्या, जाड विणलेली तणरोधक चटई टाका. शिवणी वीतभर एकमेकींवर चढवा, कडा मातीत पुरा. कोंब कडेने आणि रोपासाठी पाडलेल्या भोकातूनच निघतात, तेवढे वेळेवर खुडा.

मायक्रॉन
उन्हाळ्यात वाफा भिजवून 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक कागद चार-सहा आठवडे हवाबंद ठेवला की सगळं तण उकडून मरतं. लव्हाळाही.

आच्छादक
@मायक्रॉन, बियांवर येणारं तण मरतं. लव्हाळ्याच्या वरच्या काही सेंटिमीटरमधल्या गाठी मरतात, पण 10-15 सेंटिमीटरखाली तापमान तेवढं चढत नाही. उलट सौम्य उबेने झोपलेल्या गाठी जाग्या होतात. कागद काढल्यावर एकदम उगवण दिसते आणि लोक म्हणतात उपाय फसला. खरं तर ती उगवण मारायचीच संधी आहे. पुढे दर पंधरवड्याला खुरपत राहिलं तर फायदा, कागद काढून विसरलं तर तोटा.

मायक्रॉन
मान्य. "लव्हाळाही" हे शब्द मागे घेतो.

फवारा
तणनाशकाचं लिहितो, कारण इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. पॅराक्वाटसारखं वरवर जाळणारं मारलं की तीन दिवसांत रान पिवळं होतं, बघायला छान वाटतं आणि पंधरा दिवसांत सगळं हिरवं. गाठीपर्यंत काही पोचत नाही.

ग्लायफोसेट पानातून गाठीकडे उतरतं, पण फक्त त्या पानांना जोडलेल्या, जिवंत गाठींपर्यंत. सुट्या आणि झोपलेल्या गाठींना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात खुरपून किंवा कुळवून मग फवारणं हे उलटं काम: पानं नाहीत, माळा तुटलेल्या. पाच-सहा पानं होऊन तुरा धरण्याच्या बेतात असताना, ओल असलेल्या जमिनीत, वाढ जोरात असताना फवारा. त्यानंतर दोन-तीन आठवडे जमिनीला हात लावू नका. राहिलेल्या गाठी उगवल्या की दुसरी फेरी. एका फवारणीत संपलं असं होत नाही.

बिघडतं कुठे? गढूळ पाणी वापरलं की औषध मातीच्या कणांना चिकटून निकामी. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम औषध अडवतं. आधी लिटरला 10 ते 20 ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध घालतात. फवारल्यावर सहा तासांत पाऊस आला की परिणाम घटतो. आणि हे निवडक नाही: उडालेला तुषार भाजीवर पडला तर भाजीही जाईल.

ऊस आणि मक्यात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे लव्हाळ्यासाठीचंच निवडक औषध आहे. 75 टक्के दाणेदार प्रकार हेक्टरी 90 ग्रॅम, म्हणजे सक्रिय घटक 67.5 ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना. परिणाम सावकाश दिसतो, "लागू पडलं नाही" म्हणून आठवड्यात पुन्हा मारू नका. लेबलवर जे पीक नाही त्यात वापरायचं नाही, शेजारच्या वाफ्यातसुद्धा.

पाटकडेला
भाजीच्या दोन वाफ्यांसाठी एवढं औषधपाणी कशाला? तण खाण्यापेक्षा औषध खाणं होईल.

फवारा
@पाटकडेला, वाफ्यांसाठी कोणी सुचवलेलंच नाही. रिकामी जमीन आणि मोठं रान यांच्यासाठी आहे. वाफ्यात कुदळच बरी.

उटीगंध
सगळे मारायच्या गोष्टी करताय, ज्याच्या मागे लागलाय ती मुस्ता आहे, म्हणजे आयुर्वेदातला नागरमोथा! ताप आणि अतिसार यांवरच्या आयुर्वेदातल्या पाठांत ती सारखी येते. षडंगपानीय या तापावरच्या औषधी पाण्यात तर पहिल्या सहांत. गाठींत सुगंधी तेल असतं, साधारण अर्धा ते एक टक्का. सायपेरीन, सायपेरोटुंडोन अशी जड संयुगं असल्याने ऊर्ध्वपातन सावकाश होतं, गाठी आधी भरडून घ्याव्या लागतात. अत्तरांच्या धंद्यात नागरमोथ्याचं तेल म्हणून बऱ्याचदा सायपेरस स्कॅरिओससचं तेल असतं, ती वेगळी जात.

उगाचउवाच
षडंगात सहाच असतात, मग "पहिल्या सहांत" म्हणजे गुणवत्ता यादीच की.

उटीगंध
@उगाचउवाच 😀 पकडलंत. सहांतली एक, असं वाचावं. आणि एक सूचना: शोषखड्डा, गटार, रस्त्याची कड, तणनाशक मारलेलं रान इथल्या गाठी औषधासाठी अजिबात घेऊ नयेत.

उगाचउवाच
बाकी महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे शाळेपासून ऐकतोय. तुम्ही पुराच्या पुढचा उपाय शोधताय.

गाठमाळ
म्हणीतली लव्हाळी वाकून वाचतात. हा लव्हाळा न वाकताच वाचतो. वरचं सगळं वाहून गेलं तरी गाठी आहेतच. शिवाय पुराच्या गाळाबरोबर गाठी नव्या जागी जातात. विकतच्या गाळमातीतून आणि रोपांच्या पिशव्यांतून येतात तशाच. नवं रोप लावण्याआधी पिशवीची माती एकदा फोडून बघा. काळी, केसाळ, हरभऱ्याएवढी गाठ दिसली की रोप धुऊन मगच लावा.

मातीचाकर
दोन ढेकळं धुऊन झाली. वाफ्यातलं: काळ्या तारेसारखे दोरे, एका माळेत पाच गाठी, खरवडल्यावर उग्र वास, तुरा तांबूस. खड्ड्याजवळचं: देठ त्रिकोणी, पण गाठ एकही नाही. तांबूस तंतुमुळांचा झुपका, तुरा पिवळट. शिवाय दोन्हीकडे फूटभर खड्डा करून पाणी भरलं, एकदा जिरू दिलं, पुन्हा भरून मोजलं. वाफ्यात तासाला 6 सेंटिमीटर उतरलं. खड्ड्याजवळ जेमतेम 1.

खाचरवाट
मग झालंच की. खड्ड्याजवळचा सायपेरस इरिया दिसतोय. तो ओलाव्याचा निरोप्या म्हणून खरा आहे: तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे निचरा मंद. चर काढायचा तर तिथे, आणि तण बी धरायच्या आत उपटायचं. हे उपटून जातं, गाठी नाहीत.

त्रिधार
वाफ्यातला रोटुंडस. तिथला निचरा चांगला आहे, चराने काही होणार नाही. दोन वेगळ्या झाडांना एकच नाव पडल्याने सल्ल्याचा घोळ झाला.

गाठमाळ
वाफ्यासाठी वेळेचा हिशेब एवढाच: उगवल्यापासून नवी गाठ धरायला साधारण चार-सहा आठवडे लागतात. म्हणून दर दोन, फार तर अडीच आठवड्यांनी, बुडाच्या कांद्यासकट काढायचं. प्रत्येक वेळी जुनी गाठ आपला साठा खर्चून फुटते आणि नवी धरू शकत नाही. एक हंगाम न चुकता केलं तर घट दिसते. झोपलेल्या गाठी तीन-चार वर्षं जिवंत राहू शकतात, तेव्हा पुढच्या वर्षीही नजर हवी. मधला एक महिना चुकला तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

वर लवकर सावली धरणारं पीक घ्या: चवळी, रताळं, भोपळ्याचे वेल. कांदा, लसूण, गाजर या वाफ्यात सध्या नको, त्यांची सावली पडत नाही. बटाटाही नको, लव्हाळ्याचे दोरे बटाट्यातून आरपार जातात. आणि नत्राचं खत मोघम फेकू नका, पिकाच्या बुडाशी द्या. फेकलेल्या नत्रावर पिकाआधी लव्हाळाच हात मारतो.

मातीचाकर
चर फक्त खड्ड्याकडे. वाफ्यात भोपळा आणि पंधरवड्याची खुरपणी, कुदळीने. पाचट काढून टाकू का?

आच्छादक
राहू द्या, बाकीचं तण अडवतं आणि ओल धरतं. खुरपणीच्या दिवशी फक्त बाजूला ओढा, नाही तर कोंब बुडापाशी न तुटता पाचटातच तुटतो.

पाटकडेला
ठिबकची गळकी चावी मात्र बदलाच.